मुद्दल, व्याज आणि नवे खत

दामदुपट हा शब्द आजच्या मराठी वाचकाला बहुधा फसवणुकीच्या बातमीत भेटतो. अमुक वर्षांत पैसे दामदुप्पट करून देतो असे सांगून कुणीतरी पसार झालेला असतो आणि पेन्शनीतली माणसे पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेली असतात. शब्दाने अर्थाची इतकी उलट कोलांटी मारावी याचे मला नेहमी नवल वाटते. कारण हा शब्द जन्मला तो ऋणकोच्या बचावासाठी. धनकोने दिलेल्या मुद्दलाइतके व्याज एकदा साचले की व्याजाचे चाक थांबायचे. शंभर दिले असतील तर एका वेळी वसूल होणारी रक्कम दोनशेच्या पुढे जायची नाही, मग मध्ये दहा वर्षे जावोत की वीस. दामाची दुप्पट ही वाढीची शेवटची पायरी होती. आज तीच वाढीचे आश्वासन झाली आहे.

नोकरीची तीस वर्षे मी बँकेत काढली आणि निवृत्तीनंतर दख्खनमधल्या कर्जव्यवहाराचे जुने अहवाल वाचायला घेतले. पहिल्या आयुष्यातले आकडे दुसऱ्या आयुष्यातल्या आकड्यांशी आपोआप बोलू लागतात. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्के व्याज लागते, हे वाक्य आणि १८७५ सालच्या पुणे जिल्ह्यातल्या कर्जखतांची वर्णने शेजारी शेजारी ठेवली तर काय दिसते, ते इथे मांडायचे आहे. दरांची तुलना हा त्यातला सोपा भाग. खरी गोम दुसरीकडे आहे, आणि ती मनुस्मृतीइतकी जुनी आहे.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात कर्जाचा विचार बराच तपशिलाने आला आहे. वसिष्ठाच्या नावावर सांगितलेला दर आहे मुद्दलाचा ऐंशीवा भाग दरमहा. म्हणजे महिना सव्वा टक्का, सालीना पंधरा. त्याला लागूनच दुसरा दर येतो आणि तो वर्णाप्रमाणे बदलतो : ब्राह्मणाकडून शेकडा दोन, क्षत्रियाकडून तीन, वैश्याकडून चार, शूद्राकडून पाच, तेही दरमहा. ज्याच्याकडे कमी, त्याला पैसा महाग, ही गोष्ट धर्मशास्त्राने इतक्या उघडपणे लिहून ठेवली आहे. आजचे बँकवाले हेच 'जोखीम' या शब्दात गुंडाळून सांगतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही सव्वा टक्का हा धर्म्य दर आहे, व्यवहारातला दर पाच टक्के, अरण्यातून व्यापार करणाऱ्यांना दहा आणि समुद्रावर जाणाऱ्यांना वीस. मुंबईतल्या नोकरदाराच्या कार्डाला लागणारा साडेतीन टक्के हा दर या कोष्टकात क्षत्रिय आणि वैश्य यांच्या मध्ये कुठेतरी बसतो. समुद्रावर जायची गरज पडत नाही, मॉलमध्ये गेले तरी चालते.

पण याच अध्यायात दामदुपटीचा नियमही आहे. रोख रकमेवरचे एकदम घ्यायचे व्याज मुद्दलासह दुपटीपलीकडे जाऊ नये. धान्य, लोकर, ओझ्याची जनावरे यांच्या कर्जाला मर्यादा पाचपटीची. पुढच्या स्मृतिकारांनी आणि निबंधकारांनी आकड्यांत फेरफार केले, तरी रोख कर्जाची दुप्पट कायम राहिली. आणि आता ती गोम. त्याच अध्यायात, दामदुपटीनंतर थोड्याच श्लोकांत, अशी सोय आहे की ज्याला कर्ज फेडता येत नाही त्याने व्याज देऊन करार नवा करावा, आणि व्याजही देता येत नसेल तर ते नव्या करारातच घालावे. एका हाताने रेघ ओढली आणि दुसऱ्या हाताने तिच्यात दार ठेवले. व्याज नव्या खतात गेले की ते व्याज राहत नाही, मुद्दल होते. त्या मुद्दलाची दुप्पट मग नव्याने मोजायची. दामदुपटीचा नियम पुढे दोन हजार वर्षे जगला तो या दारासकट.

हे दार किती मोठे आहे ते आकड्यांत पाहू. शेकडा दोन रुपये महिना दराने शंभर रुपये घेतले आणि काहीच फेडले नाही. खत तसेच राहिले तर चार वर्षे दोन महिन्यांत दुप्पट होते आणि तिथे थांबते. पण दर तीन वर्षांनी खत नवे केले तर पहिल्या नव्या खतात १७२ रुपये लिहिले जातात, सहा वर्षांनी २९६, नऊ वर्षांनी ५०९, बाराव्या वर्षी ८७५. सावकाराने वाईट वागायची गरज नाही, वही फाडायची गरज नाही, अंगठा खोटा घ्यायची गरज नाही. दर तीन वर्षांनी कागद बदलला एवढेच पुरे आहे.

तीन वर्षे हा आकडा मी उगाच घेतलेला नाही.

पेशवाईत कर्जवसुली हे मुख्यतः धनकोचे स्वतःचे काम होते. दारात बसून तगादा लावायचा, धरणे धरायचे, पंच बसवायचे, हे मार्ग एल्फिन्स्टनने आपल्या अहवालात नोंदवले आहेत. खुद्द पेशवे कर्जात बुडालेले असायचे. पहिल्या बाजीरावाने ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेली कर्जाच्या जाचाची पत्रे प्रसिद्धच आहेत, आणि स्वामी स्वतःही व्याज सोडत नसत. या व्यवस्थेत कुळाला न्याय मिळत होता असे म्हणण्याचा भाबडेपणा नको. पण सावकाराच्या मागे सरकारचे हात फार नव्हते आणि गावातच राहायचे असल्यामुळे कुळाला पार मोडून त्याला चालत नसे. कुळ जगले तर पुढच्या सालचे व्याज.

कंपनी सरकारने न्यायालये आणली. मुंबई इलाख्यातल्या १८२७ च्या नियमांप्रमाणे सालीना १२ टक्क्यांहून अधिक व्याज न्यायालयातून मिळत नसे. सावकार यावर मात करायचे ती खतात जास्त रक्कम लिहून : ऐंशी हातात द्यायचे, शंभराचे खत करायचे. तरी रेघ होती. ती पुसली गेली १८५५ साली, व्याजबंदीचे कायदे रद्द करणाऱ्या २८ व्या कायद्याने. आदल्याच वर्षी इंग्लंडने आपले तसले कायदे मोडीत काढले होते. बेंथमने १७८७ साली सावकारीच्या समर्थनार्थ लिहिलेल्या पत्रांपासून तिकडे हा विचार मुरत आला होता की शहाणीसुरती माणसे आपसात जो दर ठरवतील त्यात सरकारने नाक खुपसू नये. लंडनच्या व्यापाऱ्यापुरता हा विचार बरोबर असेलही. भीमथडीतल्या कुणब्याला आणि त्याच्या गावच्या एकमेव पतपेढीला, म्हणजे सावकाराला, तो लावला तेव्हा एका बाजूला लिहिता येणारा माणूस होता आणि दुसऱ्या बाजूला अंगठा.

दामदुपट मात्र या कायद्यातून वाचली. मुंबईच्या उच्च न्यायालयाने स्थापनेनंतर लवकरच निर्वाळा दिला की ती हिंदू कायद्याचा भाग आहे, १८५५ च्या कायद्याने ती रद्द झालेली नाही. मूळ ऋणको हिंदू असला की झाले. मुंबई इलाखा आणि कलकत्ता शहर सोडले तर देशात इतरत्र न्यायालयांनी ती फारशी चालू दिली नाही. म्हणजे आपल्याकडच्या कुळाजवळ एक ढाल होती. पण दारही होते, आणि १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने ते सताड उघडले. या कायद्याप्रमाणे नोंदणी न केलेल्या कर्जखताची मुदत तीन वर्षे ठरली. त्या मुदतीत दावा केला नाही तर कर्ज बुडाले. कायदा करणाऱ्यांना वाटले, जुनी, अंधारातली खते उकरून कुळाला छळणे यामुळे बंद होईल. घडले ते असे की मुदत संपायच्या आत सावकार खत घेऊन दारात उभा राहू लागला : नवे लिहून दे, नाहीतर कोर्टात जातो. नव्या खतात जुने मुद्दल, जुने व्याज, वर कागदाचा आणि लिहिणावळीचा खर्च. ऋणकोच्या भल्यासाठी केलेल्या कायद्याने त्याच्या गळ्यातला फास दर तीन वर्षांनी आवळायची तारीख ठरवून दिली. शासनाच्या सदिच्छेवर मला राग येत नाही, पण असे कायदे वाचताना ते कुणाच्या ओट्यावर बसून लिहिले असावेत असा प्रश्न पडतो.

पुढचा भाग शालेय पुस्तकांत आहे, म्हणून भराभर सांगतो. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ नंतर इथल्या कापसाला भाव आला, मुंबईचा पैसा खेड्यापर्यंत वाहत गेला, सावकारांनी हात सैल सोडले. १८६५ ला युद्ध संपले, भाव पडले, आणि त्याच सुमाराला जमीन महसुलाच्या फेरआकारणीत सारा चढला. सावकारांनी हात आखडले. नवे कर्ज नाही, जुन्याचे नवे खत मात्र हवे. कोर्टात कुळ हजरच होत नसे, एकतर्फी हुकूमनामे होत. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करडे गावी काळूराम नावाच्या सावकाराने तिथल्या देशमुखाचे घर हुकूमनाम्याच्या बजावणीत घेतले आणि ते पाडायला काढले. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. न्हावी, परीट, पाणी भरणारे कुणी जायचे नाही. बहिष्कार आसपास पसरला आणि १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे या बाजारपेठेच्या गावी दंगा झाला. मग पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत.

या दंग्यांविषयी मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, तरी तिच्यावर थांबायला हवे. सावकारांच्या अंगाला हात लागल्याची उदाहरणे थोडी आहेत. लोकांनी मागितले ते कागद. वह्या, खते, हुकूमनामे. दिले तर जाळायचे आणि परत जायचे, नाही दिले तर घर जाळायची धमकी, आणि काही ठिकाणी तसे झालेही. लिहिता न येणाऱ्या माणसांनी आपला शत्रू कोण हे अचूक ओळखले होते. त्याआधी सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वी देहूच्या तुकोबांनी घराण्याच्या सावकारीतली आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. तेव्हाही बुडवले ते कागदच. फरक एवढा की ते कागद धनकोने बुडवले, हे ऋणकोंनी जाळले.

सरकारने आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७८ साली ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. आयोगाला महसूल वाढ हे कारण फारसे पटवून घ्यायचे नव्हते, हे त्यातून दिसते आणि त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण खते नवी करण्याच्या पद्धतीवर, मुदतीच्या कायद्यावर आणि एकतर्फी हुकूमनाम्यांवर त्याने नेमके बोट ठेवले. त्यातून आला १८७९ चा १७ वा कायदा, दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा. सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता.

या कायद्याची तेरावे कलम वगैरे भाषा रूक्ष आहे. तरी बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाने ते कलम वाचावे आणि टोपी काढावी. न्यायाधीशाने समोरच्या खतावर थांबायचे नाही. व्यवहार पहिल्यांदा झाला तिथपर्यंत मागे जायचे. मुद्दलाचा हिशेब वेगळा मांडायचा, व्याजाचा वेगळा. मध्ये केव्हाही हिशेब करून, नवे खत करून, व्याजाचे मुद्दल केले असेल तर ते मुद्दलाच्या खात्यात धरायचे नाही, धरायचे असेल तर कारण लिहून ठेवायचे. उरेल त्या रकमेचे हप्ते बांधून द्यायचे. कर्जासाठी कुळाला तुरुंगात टाकायचे नाही. सावकाराने पैसे मिळाल्याची पावती द्यायची, वर्षाचा हिशेब द्यायचा, मागितले तर पासबुक द्यायचे. दाव्यांच्या मुदती लांबवल्या, म्हणजे दर तीन वर्षांनी दारात यायचे निमित्त गेले. कोर्टाआधी तडजोडीसाठी पंच नेमले. न्यायमूर्ती रानडे यांनी या कायद्याखालचे विशेष न्यायाधीश म्हणून काम केले आणि त्यामुळे त्यांना गावोगावच्या कर्जाचे जे दर्शन झाले ते त्यांच्या अर्थविचारात जागोजाग दिसते.

मनूच्या काळापासून उघडे असलेले दार पहिल्यांदा इथे बंद झाले. दर किती असावा याविषयी हा कायदा जवळजवळ गप्प आहे. त्याने धरले ते नवे खत.

त्याने सावकारी संपली नाही. सावकार हुशार होते. गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घ्यायला लागले, तोंडी वचन देऊन की पैसे फेडलेस की जमीन परत. मग त्या खरेदीखताच्या आत डोकावण्याचा अधिकार न्यायालयांना द्यावा लागला. हा पाठशिवणीचा खेळ पुढे साठ-सत्तर वर्षे चालला. १९१८ साली जाचक कर्जांचा कायदा सगळ्या देशासाठी आला आणि अन्यायी व्याजाचा कोणताही व्यवहार पुन्हा उघडायचा अधिकार न्यायालयांना मिळाला. १९३९ साली मुंबई इलाख्याने शेतकरी ऋणकोंसाठी वेगळा कायदा केला. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यात तर दामदुपट धर्मशास्त्रातून उठून साध्या कायद्यात येऊन बसली : परवानाधारक सावकाराला मुद्दलाहून अधिक व्याज कोर्टाकडून मिळणार नाही, ऋणको कुठल्याही धर्माचा असो. महाराष्ट्राने २०१४ साली सावकारीचा नवा कायदा केला त्यातही ही मर्यादा आहे.

यातून बँका वगळलेल्या आहेत. एके काळी त्यात गैर काही नव्हते. बँका राष्ट्रीयीकृत, व्याजदर रिझर्व्ह बँक ठरवणार, आणि लहान माणसाला बँक दारात उभी करतच नसे. १९८४ साली बँकिंग नियमन कायद्यात कलम २१-क आले : बँकेने लावलेले व्याज फार आहे एवढ्या कारणावरून कुठलेही न्यायालय तो व्यवहार पुन्हा उघडणार नाही, १९१८ चा कायदा किंवा राज्यांचे कर्जनिवारणाचे कायदे काहीही म्हणोत. पुढे दरांचे नियंत्रण सैल होत गेले आणि हे कलम जागच्या जागी राहिले. १८५५ सालच्या पुसलेल्या रेघेची आठवण व्हावी अशी ही जोडी आहे.

कार्ड मात्र बाहेरून आले. बँक ऑफ अमेरिकेने सप्टेंबर १९५८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो गावी सुमारे ६० हजार घरी न मागता कार्डे पाठवली. त्यातली नवी गोष्ट प्लास्टिक वगैरे काही नव्हती. महिनाअखेर सगळे न फेडता थोडे फेडून बाकी पुढे ओढता येत होती, ही होती. दर होता महिना दीड टक्का. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत तेव्हा व्याजावर मर्यादा होत्या. १९७८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की बँकेला ती ज्या राज्यात आहे तिथला दर लावता येईल, गिऱ्हाईक कुठलेही असो. नेब्रास्कातली बँक मिनेसोटातल्या माणसाला १२ ऐवजी १८ टक्के लावू शकली. मग साउथ डकोटाने मर्यादाच काढून टाकली आणि १९८१ साली सिटी बँकेने आपला कार्डांचा कारभार न्यूयॉर्कहून तिथल्या सू फॉल्स गावी हलवला. हुकूमनामा सोयीच्या कोर्टातून मिळवायची युक्ती आपल्याकडच्या सावकारांनाही माहीत होती. कार्डांचे सबंध राज्य उचलून नेणे त्यांना जमले नसते.

भारतात १९८० साली सेंट्रल बँकेने कार्ड काढले. सुरुवातीची कार्डे प्रतिष्ठितांची. १९९० नंतर परदेशी आणि खासगी बँका आल्या आणि स्टेशनबाहेर टेबल मांडून कार्डे द्यायला लागल्या, तो काळ वाचकांना आठवत असेल.

माझ्या भाच्याच्या कार्डाचे बिल मी पाहिले ते चार-पाच वर्षांपूर्वी. आईच्या दवाखान्याला घेतलेले पैसे, एक लाखाच्या आसपास. त्याने कधी हप्ता चुकवला नव्हता, याचा त्याला अभिमान होता. तो दर महिन्याला 'मिनिमम ड्यू' भरत होता, बिलावरच्या थकबाकीच्या पाच टक्के. मामा, बाकी कमीच होत नाही हो, असे म्हणाला. मी कागद घेतला. व्याज महिना साडेतीन टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे प्रत्यक्षात ४.१३. एक लाखावर पहिल्या महिन्यात ४,१३० रुपये चढतात. पाच टक्के म्हणजे ५,२०६ भरले की बाकी राहते ९८,९२४. सव्वापाच हजारांच्या घरातली रक्कम द्यायची आणि मुद्दल हजाराने हलायचे. कार्ड पुन्हा एकदाही वापरले नाही तरी बाकी निम्मी व्हायला ६४ महिने लागतात. सव्वापाच वर्षांहून जास्त. तोवर भरलेले पैसे होतात सुमारे २ लाख ४२ हजार, आणि पन्नास हजार अजून उभेच.

इथे दामदुपट लावून पाहा. लागत नाही. बँका वगळलेल्या आहेत हे तर झालेच, पण बँकेच्या जागी परवाना असलेला सावकार असता तरी जुना नियम अडखळला असता. दामदुपट मोजते ती एका वेळी साचलेली थकबाकी. वेळोवेळी फेडलेले व्याज ती मोजत नाही. आणि किमान रकमेची रचनाच अशी की व्याज साचू नये, तुंबू नये, महिन्याच्या महिन्याला वाहून जावे, आणि मुद्दल मात्र जागेवर राहावे. भाच्याने लाखावर जवळपास १ लाख ९२ हजार रुपये व्याज आणि करापोटी दिले असते आणि कुठल्याही क्षणी त्याच्या नावावर दुप्पट रक्कम दिसली नसती. भीमथडीचा सावकार तीन वर्षांनी खत नवे करायचा. इथे ते दर महिन्याला नवे होते, अंगठा न लावता, आणि कुळ वेळेवर पैसे भरल्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेते. माझ्या मते हा सावकारीच्या इतिहासातला खरा शोध आहे. खते जाळणाऱ्यांना निदान खत दिसत तरी होते.

भाच्यापुरते जे केले ते १८७९ च्या कायद्याने सांगितलेलेच होते. सहा वर्षांची बिले काढून मुद्दल एकीकडे, व्याज एकीकडे मांडले, खरे किती घेतले होते ते त्याच्या डोळ्यांसमोर आले. कार्ड वापरणे बंद, कारण मागची बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज धावते. आणि हप्तेबंदी. दुसऱ्या बँकेतून १४ टक्के दराने तीन वर्षांचे साधे वैयक्तिक कर्ज काढून कार्डाची बाकी एकदम फेडली. लाखाला महिना ३,४१८ रुपये हप्ता. आधी भरत होता त्या किमान रकमेपेक्षा अठराशेने कमी, आणि तीन वर्षांत कर्ज शून्य, एकूण व्याज २३ हजार. साध्या कर्जाच्या व्याजावर जीएसटीही नसतो. ज्यांना असे कर्ज मिळत नाही, त्यांना कार्डाच्याच बँकेकडे जाऊन थकबाकीचे बांधीव हप्ते मागता येतात. दर कार्डापेक्षा कमी असतो, आणि मुख्य म्हणजे शेवटची तारीख असते. भाच्याचा वहीवर विश्वास बसेना. मोठा हप्ता टाळण्यासाठीच तो किमान रक्कम भरत आला होता.

असा हिशेब प्रत्येकाने घरी करायचा की कायद्याने, हा प्रश्न न्यायालयांपुढे गेला होता. 'आवाज' या संस्थेने राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे तक्रार केली. बँका तेव्हा ३६ ते ४९ टक्के लावत होत्या. ७ जुलै २००८ रोजी आयोगाने निकाल दिला : थकलेल्या कार्डधारकाकडून सालीना ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या, स्थगिती मिळाली, आणि २० डिसेंबर २०२४ रोजी, म्हणजे सोळा वर्षांनी, आयोगाचा निकाल रद्द झाला. व्याजदर हा रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतला विषय, आयोगाने त्यात पडायचे कारण नाही, आणि कार्डधारक सुशिक्षित असतात, त्यांना अटी सांगितलेल्या असतात, असा त्या निकालाचा आशय. कायद्याच्या चौकटीत, २१-क समोर असताना, दुसरा निकाल अवघड होता हे मी मान्य करतो. पण सुशिक्षित ऋणकोच्या त्या वर्णनावर मी बराच वेळ अडलो. माझा भाचा इंजिनिअर आहे.

दराच्या वादात एक दुसरी गोष्ट झाकली गेली, ती मला अधिक मोलाची वाटते. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये कार्डांविषयी जे निर्देश काढले, त्यांत किमान रक्कम अशी ठरवावी की ती भरूनही बाकी वाढत जाऊ नये, असे म्हटले आहे. न भरलेले आकार आणि कर मुद्दलात मिळवून त्यांवर व्याज चढवू नये, हेही आहे. तेराव्या कलमाचे हे दूरचे नातेवाईक. ते कलम न्यायाधीशाला पहिल्या व्यवहारापर्यंत मागे जायला लावत होते, हे निर्देश तितके लांब जात नाहीत. त्यांच्यामुळे बाकी फुगायची थांबते. ती उतरायला चौसष्ट महिने लागतात ते लागतातच.

आणखी एक कलम आहे, १८७९ च्या कायद्याचे, ज्याची बरीच टिंगल झाली. शेतकऱ्याचे कर्जखत गावच्या निबंधकासमोर लिहिले जावे, त्याच्या देखरेखीखाली, आणि कुळाला त्यातला मजकूर कळला आहे याची त्याने खात्री करून घ्यावी. वेळ जातो, पैसे जातात, निबंधकही सावकाराचाच माणूस असतो, अशा तक्रारी होत्या आणि त्या खोट्या नव्हत्या. आज प्रत्येक कार्डाच्या बिलावर एक वाक्य छापावे लागते : दर महिन्याला फक्त किमान रक्कम भरत राहिल्यास फेड महिनोन् महिने, वर्षानुवर्षे लांबेल आणि बाकीवर चक्रवाढ व्याज पडेल. भाच्याच्या बिलावरही ते होते. दुसऱ्या पानावर, इंग्रजीत, बक्षीस-गुणांच्या चौकटीच्या खाली.